सहल अचानक, पण बाळाची पिशवी तयार

फेब्रुवारी संपता संपता रविवारच्या सकाळी थोडा गारठा असतो, आकाश निरभ्र असते आणि चहा पिता पिता कोणीतरी म्हणते, "चला, आज कुठेतरी जाऊन येऊ." तासाभरात घराला कुलूप लागते. अशी न ठरवता ठरलेली सहल फार गोड असते. सोमवारी सकाळी मात्र लहान मुलांच्या दवाखान्यात नेहमीपेक्षा जास्त गर्दी दिसते. त्यातील काही मुले आदल्या दिवशी फिरून आलेली असतात.

एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास एक तरुण जोडपे दीड वर्षाच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. सोबत मुलीची आजी होती. सकाळी दहा वाजता मंडळी साताऱ्याहून निघाली होती. वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन, मेणवलीचा घाट, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथे भर दुपारी टेबललँड आणि संध्याकाळी परत. उतरताना घाटात मुलीला दोन उलट्या झाल्या. त्यानंतर ती दूध घेईना, खेळेना, नुसती खांद्यावर मान टाकून पडून राहिली.

"डॉक्टर, फिरायलाच नेलं होतं हो तिला, दुसरं काही केलं नाही," आई रडवेली होऊन म्हणाली. आजींचा पारा चढलेला होता. "लेकराला घेऊन असं ऊठसूट जातात का कुठं? मी सांगत होते!"

मुलीला ताप नव्हता. जीभ आणि ओठ कोरडे होते. डोळे थोडे आत गेलेले वाटत होते. रडत होती, पण अश्रू येत नव्हते. मी विचारले, "शू कधी केली होती?" आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "डायपर सकाळचाच आहे. एकदाही बदलावा लागला नाही. मला वाटलं, बरं झालं, प्रवासात त्रास नाही."

वाचकहो, सगळे उत्तर त्या कोरड्या डायपरमध्ये होते. जवळजवळ दहा तास मुलीला लघवी झालेली नव्हती. सोबत नेलेली पाण्याची एकच बाटली दुपारी बारालाच संपली होती. पुढे रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबायला नको म्हणून पाणी थोडे हात राखूनच दिले गेले होते. त्यात ऊन लागले आणि वर दोन उलट्या झाल्या. मुलीच्या अंगातील पाणी कमी पडले होते.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

आपल्याला दुपारी तहान लागली की आपण पाणी मागतो, सावली शोधतो. दीड वर्षाच्या मुलाला हे नीट सांगता येत नाही. ते किरकिर करते आणि आपण म्हणतो, "झोप आलीय वाटतं." त्यात त्याच्या शरीराची रचनाही वेगळी असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पसारा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे ऊन त्याला लवकर तापवते आणि अंगातील पाणीही लवकर उडते.

गरजेचा हिशेब पाहा. १० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण १ लिटर द्रव लागतो. यात दूध, पेज, वरणाचे पाणी हे सगळे आले. ६० किलोच्या माणसाला दोन ते अडीच लिटर पुरतो. म्हणजे किलोमागे पाहिले तर मुलाची गरज मोठ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून मोठ्यांना जी अर्ध्या दिवसाची आबाळ जाणवतही नाही, ती लहानाला आजारी पाडू शकते. पाचगणीसारख्या ठिकाणी तर हवा गार लागते, त्यामुळे ऊन लागते आहे हे मोठ्यांच्याही ध्यानात येत नाही.

सहा महिन्यांच्या आतील बाळाचा नियम मात्र वेगळा आहे. त्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नाही. आईचे दूधच अधिक वेळा पाजायचे, त्यातच त्याला लागणारे पाणी असते. मात्र आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे.

चमच्याने दिलेले पाणी

त्या मुलीला मी लगेच सलाईन लावले नाही. ती शुद्धीवर होती आणि पाणी पुढे केले की अधाशासारखे ओठ लावत होती. अशा वेळी तोंडाने दिलेले जलसंजीवनीचे पाणी, म्हणजेच ओआरएस, बहुतेक मुलांना पुरते. आईच्या हातात वाटी-चमचा दिला आणि सांगितले, "दर दोन मिनिटांनी एक चमचा. घाई करू नका. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा." आजीही शेजारी येऊन बसल्या आणि नातीचे डोके मांडीवर घेतले. साडेदहाच्या पुढे मुलीला लघवी झाली. लघवी झाल्याचा एवढा आनंद एरवी घरात कोणाला होत नाही!

हे साधे पाणी किती मोठे औषध आहे, हे १९७१ साली जगाने पाहिले. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. डॉक्टरांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आतड्यात ग्लुकोजबरोबर मीठ शोषले जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते, एवढेच यामागचे शास्त्र आहे.

म्हणूनच मापाला महत्त्व आहे. मोठे पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी मिसळावे. अंदाजाने अर्धे पाकीट पेल्यात टाकू नये. २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून वेष्टनावरील माप वाचूनच पाणी घ्यावे. तयार केलेले पाणी २४ तासांत वापरावे, उरले तर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ यापेक्षा जास्त नको.

एक सावधगिरी. जलसंजीवनीसारखी भासणारी गोड पेये खोक्यांतून विकली जातात. त्यांत साखर जास्त असते आणि त्यामुळे जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली आहे. तेव्हा औषधाच्या दुकानातून त्या सूत्राचे पाकीटच मागून घ्यावे. आणि मूल खेळते-खाते असेल तर त्याला ओआरएसची गरज नाही. साधे स्वच्छ पाणी, घरचे ताजे ताक पुरेसे आहे.

दिवस मुलाच्या घड्याळाने चालवा

आजींना मी म्हणालो, "आजी, सहलीचा दोष नाही. दिवस मोठ्यांच्या घड्याळाने चालला, तो दोष." लहान मूल घरात असले की सहल चालवण्याचे काही सोपे नियम आहेत.

दहाला निघण्याऐवजी सातला निघावे. अकरा ते चार या वेळात सावलीत राहावे, शक्यतो तेव्हाच मुलाला झोपवावे. एका दिवशी एकच ठिकाण पाहावे. देऊळ, घाट, डोंगर आणि बाजार हे सगळे एकाच रविवारी उरकण्याचा हट्ट मोठ्यांचा असतो. मुलाला नदीकाठचे चार गुळगुळीत गोटे आणि एक शेळी दिसली तरी त्याची सहल झालेली असते!

दर अर्ध्या-पाऊण तासाने, मागो न मागो, मुलाला दोन घोट पाणी पाजावे. दर तीन तासांनी डायपर पाहावा. तो ओला असणे हे चांगले लक्षण आहे. सहा तास कोरडा राहिला तर तो इशारा समजावा.

खाणे आणि बाहेरचे मोह

घरची दशमी, धपाटे, गूळ-तूप-पोळी यांना तोड नाही. केळे तर देवाने सालीत गुंडाळूनच दिले आहे. सकाळी बाटलीत भरलेले दूध दुपारपर्यंत उन्हात चांगले राहत नाही, ते देऊ नये. बर्फाचा गोळा आणि उघड्यावरचा रस टाळावा. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही. रस्त्यावर घेतलेल्या स्ट्रॉबेरी स्वच्छ पाण्याने नीट धुतल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नयेत. बाहेरच्या खाण्याने होणारे जुलाब त्याच दिवशी सुरू होतात असे नाही. ते दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतात. जुलाब लागलेच तर ओआरएसबरोबर १४ दिवस जस्ताचे औषधही द्यावे लागते. त्याचे माप डॉक्टरांकडून घ्यावे.

भाजलेले चणे, शेंगदाणे, फुटाणे ही आपल्या घाटवाटांवरची खासियत. पाच वर्षांच्या आतील मुलाला ते अख्खे देऊ नयेत. चालत्या गाडीत हसता-रडता एक दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. सीताफळ, बोर यांच्या बियांचेही तसेच.

घाटात उलट्या होतात म्हणून मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देण्याची पद्धत धोक्याची आहे. दोन वर्षांच्या आतील मुलाला तर असे औषध परस्पर कधीच देऊ नये. निघण्यापूर्वी हलके खाणे, खिडकीची मोकळी हवा आणि घाटात मध्येच एक थांबा, एवढ्याने बरेच काम होते.

गाडी आणि पाणी

"झोपलंय, उठवू नका, काच थोडी उघडी ठेवा, दर्शन घेऊन येतोच." हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. कृपा करून असे करू नका. उन्हात उभ्या बंद गाडीतील तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सिअसने आणि अर्ध्या तासात सुमारे १९ अंशांनी वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मूल झोपेतच तापत जाते.

मोटारीत पुढच्या आसनावर मांडीवर मूल घेऊन बसू नये. दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा हवा, शिवाय वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. टाकीवर पुढे बसवलेल्या मुलाला आधी ऊन-वारा लागतो आणि अपघातात आधी तेच फेकले जाते.

नदीचा घाट, तळे, धबधबा येथे मूल हाताच्या अंतरावरच असावे. बुडणारे लहान मूल ओरडत नाही. गुडघाभर पाण्यातही ते आवाज न करता जाते. "सगळे बघताहेत" म्हणजे कोणीच बघत नसते. म्हणून पाण्याजवळ एकाच मोठ्या माणसाने ती जबाबदारी नाव घेऊन पत्करावी.

दाराशी टांगलेली पिशवी

सहल ऐनवेळी ठरते, तयारी मात्र आधीच करून ठेवता येते. एक कापडी पिशवी दारामागच्या खुंटीला कायम असू द्यावी. तिच्यात पुढील वस्तू ठेवाव्यात:

१. ओआरएसची दोन पाकिटे (मुदत पाहून) आणि १ लिटरची मोकळी बाटली.
२. झाकणाचा पेला आणि चमचा. दुधाची बाटली नको, ती बाहेर नीट धुता येत नाही.
३. टोपी, सुती अंगरखा, एक जुने पातळ लुगडे किंवा दुपटे. सावलीला आणि झोळीलाही उपयोगी.
४. डायपर किंवा लंगोट, बदलायचे दोन जोड, साबणाची वडी.
५. ताप मोजायची नळी आणि मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेले तापाचे औषध, चिठ्ठीसह.
६. पट्टी, कापूस आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद.

निघताना फक्त उकळून गार केलेले पाणी आणि खाणे भरायचे. पाणी मुलासाठी वेगळे ठेवावे आणि ते मोठ्यांनी पिऊ नये!

केव्हा थांबू नये

मूल मलूल होऊन उठत नसेल, पाणी पिऊच शकत नसेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल, शौचात रक्त असेल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, किंवा तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. अंग फार तापून मूल भ्रमिष्टासारखे वागले किंवा त्याला झटका आला, तर त्याला सावलीत घेऊन कपडे काढावेत, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरच्या माझ्या नळीला हात घालत होती. जाताना आजी सुनेला म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाण्याचा तांब्या मी घेते. तुम्ही नुसतं गाडीत बसा." म्हणजे पुढची सहल ठरलेली होती आणि या वेळी आजीही निघणार होत्या. मला तेच हवे होते. मुलांना जरूर न्या. नदी, डोंगर, देवळाची घंटा त्यांनी पाहायलाच हवी. दिवसभरात फक्त एक प्रश्न स्वतःला तीन-चार वेळा विचारा: शेवटची शू कधी झाली?