जखम त्याची, रक्त माझं

चार आठपैलू फासे टाकायचे. बेरीज येईल तेवढी इजा जादूगाराने स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि तिच्या दुप्पट बळ जखमी सोबत्याच्या अंगात भरायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या ‘लाइफ ट्रान्सफरन्स’ या मंत्राचा नियम एवढाच. २०१७ साली निघालेल्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकातून तो खेळात आला.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि शंका आली की फासे निकाल देतात. प्रत्येक पात्राकडे हिट पॉइंटांची पुंजी असते. गंमत अशी की ४० पॉइंट असलेला योद्धा जितक्या जोराने तलवार फिरवतो, तितक्याच जोराने एकच पॉइंट उरलेलाही फिरवतो. शून्यावर आला की मात्र बेशुद्ध. मग दर पाळीला वीसपैलू फासा टाकत राहायचं. दहा किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशं जमली तर जीव तगतो, आधी तीन अपयशं झाली तर संपला.

म्हणजे हिट पॉइंट किती आहेत यापेक्षा ते कोणाकडे आहेत याला जास्त महत्त्व. नेमक्या याच जागी हा मंत्र काम करतो.

हिशेब मांडून बघा. चार आठपैलू फाशांची सरासरी १८. जादूगार १८ गमावतो, सोबत्याला ३६ मिळतात. टोळीची निव्वळ कमाई १८. ‘लाइफ ट्रान्सफरन्स’ हा तिसऱ्या पातळीचा मंत्र. आता त्याच पातळीच्या ताकदीने नेहमीचा ‘क्युअर वून्ड्स’ टाकला, तर २०१४च्या नियमांनुसार तीन आठपैलू फासे अधिक जादूगाराचा चारेक गुणांचा बोनस, म्हणजे साडेसतरा. जवळजवळ तेवढेच! रक्त सांडून जास्तीचं काहीच हाती लागत नाही. फक्त मागे सुरक्षित उभ्या असलेल्या माणसाची शिल्लक आघाडीवरच्या खात्यात जाते, आणि तीही तीस फुटांवरून. ‘क्युअर वून्ड्स’साठी जखमी माणसाला हात लावावा लागतो. २०२४च्या नव्या नियमांत ‘क्युअर वून्ड्स’चे फासे दुप्पट झाले, तेव्हापासून तर रक्त देणारा हिशेबात सरळ मागे पडतो.

तरी विझर्ड, म्हणजे पोथीतून मंत्र शिकणारे जादूगार, हा मंत्र सोडत नाहीत, कारण जखमा भरणं हे परंपरेने देवाच्या भक्ताचं, क्लेरिकचं काम. विझर्डच्या पोथीत असा मंत्र मिळणं दुर्मीळ. हाही मिळतो तो नेक्रोमन्सी या मृत्यूच्या शाखेतून. मंत्राची पातळी वेगळी, पात्राची वेगळी; स्वतः पाचव्या पातळीवर पोचल्यावर विझर्डला पहिल्यांदा तो टाकता येतो. त्या वेळी बऱ्यापैकी काटक विझर्डकडे ३२ हिट पॉइंट असतात, आणि चार आठपैलू फाशांवर जास्तीत जास्त पडतात तेही ३२. धडधाकट माणूस एका मंत्रात स्वतःला आडवा करू शकतो. चारही फाशांवर आठ पडण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक, पण फासे हातात असताना कोणी ते गणित करत बसत नाही.

दुसरी किंमत पुस्तकात मंत्राच्या पानावर लिहिलेली नाही, आणि माझ्या मते तीच जास्त बोचते. मोठे मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते. इजा झाली की ती टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो, मग ती इजा शत्रूने केलेली असो की स्वतःची स्वतः. आपल्या त्या काटक विझर्डची एकाग्रता साधारण तीनातून एकदा तुटते. मित्र वाचला, पण शत्रूला जखडून ठेवणारा मंत्र सुटला, असं होऊन बसतं.

पळवाटा शोधणारे असतातच. ही इजा कोणत्याही उपायाने कमी करता येत नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. तरी ‘फॉल्स लाइफ’सारख्या मंत्राने आधी तात्पुरते पॉइंट अंगावर चढवून मग त्यांतून किंमत चुकती करायची, ही युक्ती बहुतेक टेबलांवर चालते. शिवाय वर्णनात ‘दुसऱ्याच्या’ जखमा म्हटलंय आणि नियमात नुसतं ‘एक प्राणी’, मग तो प्राणी मीच का नसावा, यावर तास-तास वाद रंगतो. मी डंजन मास्टर असेन तर सरळ नाही म्हणेन.

कल्पना अर्थात जुनी आहे. आदिपर्वातला रुरू सर्पदंशाने गेलेल्या प्रमद्वरेला आपलं निम्मं आयुष्य देतो. खेळातही जुन्या काळी किंमत वर्षांत मोजली जायची. ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मेलेल्याला उठवणारा ‘रेझरेक्शन’ टाकला की क्लेरिकचं वय तीन वर्षांनी वाढे. आताच्या नियमांत रात्रभर झोप झाली की सगळे हिट पॉइंट परत, त्यामुळे त्याग सकाळपर्यंतचाच. आपलं देऊन दुसऱ्याला भरण्याचे इतरही प्रकार झाले. खेळाच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत पॅलडिन या धर्मयोद्ध्याचा ‘ले ऑन हँड्स’ त्याच्या दिवसभराच्या राखीव ‘हीलिंग सर्ज’मधून एक खर्च करायचा. ‘पाथफाइंडर’ या भाईबंद खेळाच्या पहिल्या आवृत्तीतल्या ऑरॅकल या पात्राची ‘लाइफ लिंक’ दर पाळीला सोबत्याचे पाच पॉइंट भरते आणि स्वतःचे पाच कापते. शिस्तशीर आहे, पण पगारातून हप्ता कापल्यासारखी. फाशांवर किती पडणार हे माहीत नसताना ‘घे माझं’ म्हणण्यात जी धडधड आहे, ती तिच्यात नाही.

विझर्डकडे पाचच पॉइंट उरले असतील तर? मंत्र तरीही लागू होतो. सोबती ३६ पॉइंटांनी उठतो आणि त्याच क्षणी विझर्ड कोसळतो. मग त्या सोबत्याने औषधाची कुपी विझर्डच्या तोंडात ओतायची. ५० सोन्याच्या नाण्यांची ही कुपी सरासरी सात पॉइंट देते. २०१४च्या नियमांत त्यात सोबत्याची अख्खी अ‍ॅक्शन जाते, म्हणजे त्या पाळीत तलवार म्यानातच. विझर्ड सात पॉइंटांवर डोळे उघडतो आणि तिसऱ्या पातळीचा मंत्र अजून एकदा टाकण्याची ताकद शिल्लक आहे का, ते बघतो.