कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी दिवे पाहा

व्यापारी बंधूंनो, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानांतही गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर येऊन बसला. बिल, साठा, उधारी, सारा हिशेब आज त्याच्या पोटात आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ३-बी साठी पुढच्या महिन्याची २० तारीख असते. ती चुकली तर दररोज ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये. नेमक्या त्याच दिवशी बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, तर सोनाळ्यासारख्या गावी मोठी अडचण होते. यंत्र उचलून शेगाव किंवा अकोटला न्यायचे म्हणजे दिवस गेला, भाडे गेले, आणि कधी कधी बिघाड निघतो तो फक्त सैल वायरीचा!

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी. वीज भिंतीतून निघून पडद्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचते आणि बहुतेक टप्प्यांवर एक लहान दिवा असतो. दिवे क्रमाने पाहत गेले की वीज कोठे अडली ते कळते.

एकही दिवा लागत नाही

अशा वेळी दोष बहुधा डब्याच्या बाहेर असतो. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. चार्जर चालला तर यूपीएसचा दिवा पाहावा. यूपीएस बंद असेल किंवा सतत ओरडत असेल, तर कॉम्प्युटरची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावी. तसे लावल्यावर तो सुरू झाला तर दोष यूपीएसचा, बहुधा त्याच्या बॅटरीचा. त्यानंतर डब्याच्या मागे, जेथे वायर जाते तेथे, १ आणि ० अशा खुणांचे बटण असते. झाडलोटीत ते ० कडे दबले जाते. ते १ कडे करावे आणि वायर दाबून घट्ट बसवावी.

एवढे करूनही अंधारच असेल तर डब्याच्या जाळीतून आत पाहावे. अनेक मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो. कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्टचा प्रवाह त्याला मिळत असतो. तो पेटलेला असेल तर वीज बोर्डापर्यंत आली आहे, संशय पुढच्या बटणावर किंवा बोर्डावर. पूर्वी पेटणारा दिवा आता विझलेला असेल तर एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारी पेटी, तपासून घ्यावी.

डब्याचा दिवा लागतो, पडदा काळा

आता मॉनिटरचा दिवा पाहावा. तो नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल, तर मॉनिटर चांगला आहे, पण त्याला चित्र मिळत नाही असे बहुधा समजावे. वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावावी. मग कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आत चालू आहे, दोष वायरीत किंवा मॉनिटरमध्ये. दिवा हलत नसेल आणि डब्यातून लांब बीप पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुतेक वेळा रॅम सैल झालेली असते. पिन काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी कड पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसावी आणि कट आवाज होईपर्यंत दाबून बसवावी.

काही कंपन्यांच्या यंत्रांत दिवाच बोलतो. डेलच्या नव्या ऑप्टिप्लेक्समध्ये बटणाचा दिवा २ वेळा नारिंगी आणि ३ वेळा पांढरा लुकलुकला, तर रॅम सापडत नाही असा त्याचा अर्थ. एसुसच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसरसाठी लाल, रॅमसाठी पिवळा आणि पडद्याच्या कार्डासाठी पांढरा दिवा असतो. जो पेटून राहील तेथे दोष.

पडदा लागतो, पण पुढे जात नाही

हार्ड डिस्कचा लहान दिवा सुरू होताना लुकलुकला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर डिस्कची वायर निघाली असावी किंवा डिस्क गेली असावी. बूट डिव्हाईस सापडत नाही असा संदेश आला तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर यंत्र तात्काळ बंद करावे. पुन्हा पुन्हा सुरू केल्याने उरलेला हिशेबही जातो.

तारीख-वेळ दररोज मागे जात असेल तर बोर्डावरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. तारीख चुकीची असेल तर जीएसटीचे पोर्टलही उघडत नाही.

हात कोठे लावू नये

एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात ३०० व्होल्टच्या आसपास वीज काही काळ साठून राहते. डब्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर दुकानाचे अर्थिंग तपासून घ्यावे. कापड, रुई, शिलाईच्या दुकानांत तंतू पंख्यात अडकून यंत्र तापते आणि आपोआप बंद पडते. महिन्यातून एकदा पिन काढून मऊ ब्रशने जाळी झाडावी.

मिस्त्रीला बोलावताना नुसते "बंद पडला" म्हणू नये. कोणता दिवा लागतो, रंग कोणता, बीप किती, हे कागदावर लिहून सांगावे. म्हणजे तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि चांगला भाग बदलून पैसे घेण्यासही वाव राहत नाही. हिशेबाची नक्कल काढल्याशिवाय फॉरमॅट करू देऊ नये.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. ते लिखाण आज डिस्कवर असले तरी ती गिऱ्हाईकाची आणि आपली अमानतच आहे. दुकान बंद करताना रोज पेन ड्राइव्हवर नक्कल घ्यावी आणि तो घरी न्यावा. मग यंत्र एखाद्या सकाळी रुसले तरी, इन्शाअल्लाह, कोणाचा हक्क बुडणार नाही.