दुकानाचा फोन इंटरनेटवर घेताय? आधी विचारा, नंबर कोणाचा?



एप्रिल-मे मध्ये आपल्या वऱ्हाडात पारा ४५ च्या घरात जातो आणि आमच्या कूलरच्या दुकानाचा फोन थांबायचं नाव घेत नाही. कुणाचा पंप बंद पडलेला, कुणाला गवत बदलायचं, कुणाची मोटर जळालेली. पण मागे एकदा ऐन मे महिन्यात फोन एकदम शांत झाला. मला वाटलं, यंदा धंदाच मंदा आहे. मग मूर्तिजापूरचं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "काऊन वो भाऊ, दुकान बंद केलं का? नंबर तं लागतच नाही तुमचा!"

नंबर लागत नव्हता, कारण तो माझा नव्हताच.

झालं असं होतं. अमरावतीचं दुकान होतं, अकोल्यात दुसरं काढलं. दोन्हीकडे एकच नंबर हवा म्हणून एका कंपनीकडून इंटरनेटवाली फोन सिस्टीम घेतली. "अमरावतीसाठी १ दाबा, अकोल्यासाठी २ दाबा." मस्त चाललं होतं. वर्षाने बिलावरून वाद झाला, मी दुसरी कंपनी धरली आणि जुना नंबर गेला. तोच नंबर दोन्ही बोर्डांवर, पिशव्यांवर आणि विकलेल्या प्रत्येक कूलरच्या स्टिकरवर छापलेला! बोर्ड बदलता येतो हो, पण लोकांच्या घरातल्या कूलरवरचं स्टिकर कसं बदलणार?

तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

दोन प्रकार, दोन वेगळे खर्च

"इंटरनेटचा फोन" या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, क्लाउड टेलिफोनी. गिऱ्हाईकाचा कॉल आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे "१ दाबा, २ दाबा" होतं आणि मग कॉल तुमच्या साध्या मोबाइलवर येतो. म्हणजे दुकानातलं नेट बंद असलं तरी फोन वाजतो.

दुसरी, आयपी फोन किंवा ॲप. इथे आवाजच तुमच्या नेटवरून येतो-जातो. नेट गेलं की फोन गेला. टेबलावर बसून दिवसभर कॉल घेणारी ५-१० माणसं असतील, तर ही परवडते.

दुकान, सर्व्हिस सेंटर, क्लास, टिफिन सेंटर अशा धंद्याला बहुतेक वेळा पहिली पुरते. सेल्सवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "शेवटी कॉल माझ्या सिमवर येणार की नेटवर?"

नेटचा साधा हिशोब

दुसरा प्रकार घेणार असाल तर स्पीडला घाबरू नका. एका कॉलला जाताना-येताना साधारण १०० केबीपीएस धरा. एकाच वेळी ५ कॉल म्हणजे अर्धा एमबीपीएस. एवढा स्पीड कुठल्याही ब्रॉडबँडवर मिळतो. अडचण होते ती नेट स्थिर नसलं की. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

आणि लाइट! आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हाच कूलरवाल्याला, इन्व्हर्टरवाल्याला फोन येतात. राउटरला छोटा यूपीएस लावा. घरातून आलेल्या फायबरच्या डब्यालाही लावा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद अशी गत होते.

सही करण्याआधी हे ६ प्रश्न

१. नंबर कोणाच्या नावावर? मी करार सोडला तर नंबर मला मिळेल का? तोंडी "हो सर" चालणार नाही, लेखी घ्या. मोबाइल नंबर २०११ पासून देशभर पोर्ट होतो. व्हर्च्युअल नंबरचं तसं गृहीत धरू नका.

२. नंबर कुठला दिसेल? अमरावतीचा कोड ०७२१, अकोल्याचा ०७२४. तुमच्या कॉलवर ०२२ किंवा ०८० दिसलं, की आपला माणूस "लोनवाल्याचा असेल" म्हणून कापतो.

३. मिनिटाचे पैसे किती वेळा? कॉल कंपनीकडे येतो आणि पुढे तुमच्याकडे जातो. काही प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंचे पैसे लागतात.

४. एकाच वेळी किती कॉल? याला चॅनल म्हणतात. २ चॅनल असतील तर तिसऱ्याला "व्यस्त".

५. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? आणि डाउनलोड करता येतं का?

६. महिन्याचा प्लॅन आहे का? वर्षाच्या सवलतीला भुलू नका. आधी एक सीझन बघा.

एक इशारा. इंटरनेट टेलिफोनीचा रस्ता दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांसाठी मोकळा केला. त्यामुळे परवाना आणि केवायसी विचारणाराच खरा. "कागद नको, सिम टाका मशीनमध्ये, कॉल फुकट" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बेकायदेशीर एक्स्चेंजच्या भानगडीत पोलीस तुमच्या दारात येतील.

मी आता काय केलंय?

बोर्डावर, पिशवीवर, स्टिकरवर माझ्या नावावरचा साधा मोबाइल नंबर. त्या सिमवरून कॉल फॉरवर्ड केलाय क्लाउड सिस्टीमवर. उद्या कंपनी आवडली नाही, तर फक्त फॉरवर्डिंग बदलायचं, बोर्डाला हात लावायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र तपासा: फॉरवर्ड केलेल्या कॉलचे पैसे तुमच्या पॅकमधून कसे कापले जातात, आणि रिपोर्टमध्ये गिऱ्हाईकाचा नंबर दिसतो की तुमचाच.

आणि खरं सांगू? दिवसाला १०-१५ कॉल असतील तर यातलं काहीच घेऊ नका. धंद्याचं वेगळं सिम, व्हॉट्सॲप बिझनेसचं मोफत ॲप आणि उचलला न गेलेला प्रत्येक कॉल तासाभरात परत लावायची सवय. एवढं पुरेसं आहे. फोन उचलायला माणूसच नसेल, तर "१ दाबा" ऐकवून गिऱ्हाईक थांबत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

७ दिवस रोज रात्री दुकानाच्या फोनमधले मिस्ड कॉल वहीत लिहा: किती आले, किती वाजता, किती परत लावले. ती वही समोर ठेवूनच सिस्टीमचा निर्णय घ्या. सेल्सवाला आला तर त्यालाही तीच दाखवा.

तुमचा आकडा किती निघाला, कमेंटमध्ये नक्की लिहा. फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधून कसं लावायचं, ते या लेखासोबतच्या व्हिडिओत दाखवलंय.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर फोन चार्ज ठेवा!