काळ्या पाषाणातील सोने

आपल्या शहापूरप्रमाणेच गदगजवळचा शिरहट्टीचा मुलूखही १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होता. त्यामुळेच की काय, तिकडच्या कप्पतगुड्ड डोंगरातील एका जुन्या सोन्याच्या खाणीला ‘सांगली’ हेच नाव आहे.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे असे कळले, की लोक हमखास विचारतात, “दगडात सोने तयार कसे होते?” खरे म्हणजे ते तेथे तयार होतच नाही, ते गोळा होते. साध्या खडकाच्या एका टनात जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम सोने विखुरलेले असते. खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम तरी हवे. म्हणजे निसर्गाने ते सुमारे हजारपट एकवटले पाहिजे. हे काम तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी चिखलाची. प्राणवायू नसलेल्या शांत समुद्रतळावर बारीक गाळ साचतो. सूक्ष्मजीवांच्या अवशेषांतील कार्बनमुळे तो काळा दिसतो. त्यात लोह व गंधक यांच्या संयोगाने पायराइटचे कण बनतात. पाण्यातील अत्यल्प सोने हे कण व तो कार्बन धरून ठेवतात. हाच गाळ दडपून घट्ट झाला, की त्याला काळा शेल म्हणतात.

दुसरी पायरी उष्णतेची. भूकवचाच्या हालचालींत हे थर दुमडून कित्येक किलोमीटर खोल जातात. तेथे तापमान तीनशे अंशांच्या वर गेले, की खनिजांत बांधलेले पाणी सुटते आणि पायराइटमधील गंधकही सुटू लागतो. साध्या पाण्यात सोने विरघळत नाही. पण हायड्रोजन सल्फाइड मिसळलेल्या तप्त पाण्यात ते विरघळते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कुजक्या अंड्यांचा वास आठवा, म्हणजे सोन्याचा वाहक कोण ते ध्यानात येईल!

तिसरी पायरी भेगांची. कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि एखाद्या भूकंपात खडक फाटतो. दाब एकाएकी उतरतो. पाण्यातील सिलिका पांढऱ्या क्वॉर्ट्झच्या रूपाने भेगेत बसते आणि वायू निसटल्यामुळे सोनेही खाली बसते. भिंतीच्या काळ्या शेलमधील लोह गंधक ओढून घेते, तेव्हाही सोने निराधार होऊन तेथेच थांबते. भेग बुजते, दाब पुन्हा वाढतो, ती पुन्हा फुटते. म्हणून अशा शिरांत काळे-पांढरे पट्टे एकाआड एक दिसतात.

सारे सोने शेजारच्याच शेलमधून येते असे मात्र नव्हे. काही अधिक खोलवरच्या खडकांतूनही येते. कप्पतगुड्डात ज्वालामुखी खडकांतही सोन्याच्या शिरा आहेत आणि कार्बनयुक्त काळ्या थरांतही. तेथला मूळचा शेल उष्णतेने व दाबाने बदलून आता फिलाइट झाला आहे. ही सारी घडामोड सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीची आहे.

आता थोडा हिशेब करू. टनाला चार ग्रॅम सोने धरले, तर दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी अडीच टन दगड दळावा लागतो. शिरेपर्यंत पोहोचण्यासाठी फोडलेला खडक वेगळाच. शिवाय या शिरांत आर्सेनोपायराइट हे खनिज असते. त्याची भुकटी उघड्यावर पडून पावसात भिजली, की त्यातील आर्सेनिक पाण्यात उतरू शकते. गंधक आणि सोने यांचा सहवास असा खाणीबाहेरही सुटत नाही.

कप्पतगुड्डातील सुमारे २४४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१९ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हा डोंगर खणावा की राखावा, यावर त्याआधी बराच वाद झाला होता. माझ्यापुरते विचाराल तर तो राखावा, असेच मी म्हणेन. विद्यार्थी मित्रहो, तुमचे मत वेगळे असू शकेल. पण ते बनवताना तोळ्याच्या भावाबरोबर त्या अडीच टनांचाही विचार व्हावा, एवढीच विनंती.