एका वेदनाशामक औषधाने भारतातली गिधाडं कशी संपवली?

घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की थोड्याच वेळात आभाळात गिधाडं घिरट्या घालायला लागायची, असं ते सांगतील. आजच्या बहुतेक मुलांनी मात्र गिधाड पाहिलेलंच नाही.

१९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तब्बल ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली. पण असं नेमकं झालं काय?

सुरुवातीला संशय होता विषाणूवर. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून खरा गुन्हेगार सापडला. तो होता डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावर आपणही घेतो तेच औषध.

औषध जनावराला, मग गिधाड का मेलं?

आजारी गाई-म्हशींना डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं. त्यानंतर लगेच जनावर दगावलं तर औषधाचा अंश त्याच्या शरीरात राहायचा. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि काही दिवसांत ते मरायचं. एकाच जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा तुटून पडतो. त्यामुळे शंभरातल्या एखाद्याच मेलेल्या जनावरात हे औषध असलं, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसं होतं.

त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. म्हणजे गेलेली संख्या भरून निघायला अनेक दशकं जातात.

आपलं काय बिघडलं?

गिधाडं गेली आणि मेलेल्या जनावरांवर भटकी कुत्री वाढली. कुत्री वाढली की रेबीजचा धोकाही वाढतो. मुंबईत पारशी समाजाला डुंगरवाडीत अंत्यविधीसाठी सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या यंत्रणेचा आधार घ्यावा लागला.

मग बंदी आली का?

आली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली गेली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीवर ३ मिलीची मर्यादा आली. गिधाडांना घातक ठरणारी ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधंही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाली.

दुसरीकडे, हरियाणातल्या पिंजोर प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. पण जंगलाबाहेर उडालेलं गिधाड कुठल्या गावातलं मांस खाईल, यावर कुणाचाच ताबा नाही.

म्हणूनच खरा निर्णय गोठ्यात होतो. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराचं दुखणं कमी करतं आणि गिधाडासाठीही सुरक्षित आहे. तुमच्या घरी गाय-म्हैस असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा : हे इंजेक्शन कुठलं?