प्रार्थनेतली स्टील गिटार आणि कॅमेरा

अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल चर्चमध्ये उपासनेला ऑर्गनऐवजी स्टील गिटारची साथ असते. आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो आणि व्हॅन शिप्ले यांनी मुंबईत जिच्यावर चित्रपटगीतं वाजवली, त्याच कुळातलं हे वाद्य. ते मांडीवर किंवा स्टँडवर आडवं ठेवतात. तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत घातलेल्या पिक्सनी तारा छेडायच्या. सूर तुटत नाही, घसरत जातो, म्हणून या वाद्यातून माणसाच्या गळ्यासारखी हाक आणि हुंदका निघतो. या संगीताला आज ‘सेक्रेड स्टील’ म्हणतात.

ही चर्च ज्या पंथाची, त्याचा पाया मेरी मॅग्डालेना टेट यांनी 1903 मध्ये घातला. त्या 1930 साली गेल्या आणि लगेच पुढच्या काळात पंथाच्या शाखा पडल्या. स्टील गिटार रुजली ती त्यांतल्या कीथ आणि ज्युवेल या दोन शाखांत. 1930 च्या दशकात ट्रोमन ईझन फिलाडेल्फियात एका हवाईयन वादकाकडे हे वाद्य शिकले आणि त्यांचा धाकटा भाऊ विली याने ते चर्चमध्ये लोकप्रिय केलं. विली ईझन एका तारेवर गायकाच्या ओळी हुबेहूब ‘बोलायचे’. हे सगळं पंथाच्या भिंतींआड अनेक दशकं चालू राहिलं. फ्लोरिडातले लोकसंस्कृतीचे अभ्यासक रॉबर्ट स्टोन यांना 1992 मध्ये त्याचा माग लागला. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतून 1997 मध्ये अर्हूली या कंपनीची सीडी निघाली आणि वर्षानुवर्षं काढलेल्या त्यांच्या छायाचित्रांचं पुस्तक, ‘कान्ट नोबडी डू मी लाइक जीझस!’, 2020 मध्ये मिसिसिपी विद्यापीठ मुद्रणालयाने प्रकाशित केलं.

अशी छायाचित्रं काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण कामाची सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही. आधी उपासनेचा क्रम पाठ व्हावा लागतो: स्तुतिगीतं, साक्षी, अर्पण, प्रवचन. प्रत्येक टप्प्यावर गिटारचं काम वेगळं असतं. अर्पणाच्या वेळी लोक रांगेने पुढे येतात तेव्हा ती चालीला लय देते. प्रवचन रंगात आलं की ती पाळकाच्या वाक्यांच्या मधल्या जागा भरते. कीर्तनात मृदंगवाला बुवांच्या तोंडाकडे जसा बघत असतो, तसा इथला वादक पाळकाकडे बघतो. या पंथात अनेकदा पाळक स्त्री असते, बिशपपदापर्यंत स्त्रिया पोहोचलेल्या आहेत, आणि स्टील वाजवणारे मात्र बहुतेक पुरुष. पांढऱ्या पोशाखातली उभी बाई आणि तिच्याकडे मान वळवून बसलेला वादक एकाच चौकटीत आले, तर पंथाची बरीच रचना त्या एका फोटोत दिसते. निव्वळ वाद्यावर रोखलेला फोटो सुबक येईल, पण त्यातून हे काहीच कळणार नाही.

मग क्षण ओळखायचा कसा? कानाने. एकाच स्वरसंगतीवर लय चढत जाते, ड्रम घट्ट होतो, स्टील तीच छोटी लकेर पुन्हा पुन्हा घोळवते. इतकं झालं की लोक जागचे उठणार, कोणी नाचू लागणार. ज्याला हे ऐकून आधीच कळतं तो योग्य जागी उभा असतो. ज्याला कळत नाही त्याला पाठी आणि उडालेले कपडे मिळतात.

उजेडाची अडचण मोठी. चर्च लहान असतं, छताला ट्यूबलाइट. प्रार्थनेत फ्लॅश मारणं म्हणजे लोकांच्या समाधीत दिवा घालणं, म्हणून उघड्या भिंगावर आणि वेगवान फिल्मवर भागवावं लागतं. त्यात काळी त्वचा आणि पांढरे कपडे शेजारी शेजारी असतात. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून प्रकाश चेहऱ्यावर मोजायचा आणि कपड्यातली एखादी घडी गेली तर जाऊ द्यायची. माणसाचा चेहरा हरवलेला फोटो मला अशा कामात माफ करता येत नाही. हातांचं गणित त्याहून नाजूक. कंप देताना दांडा थरथरत असतो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो धूसर उमटतो, अडीचशेव्या भागात गोठतो. थोडा धूसर बरा, त्यात सूर हलताना दिसतो. पेडल असलेल्या गिटारवर पाय आणि गुडघेही काम करतात आणि ते वाद्याखाली दडलेले असतात, त्यामुळे छायाचित्रकाराला जमिनीजवळ बसावं लागतं.

आणि काही वेळा कॅमेरा खाली ठेवावा लागतो. पवित्र आत्म्याच्या संचारात एखादी बाई खाली पडते, सेविका धावत येतात, तिच्या पायांवर कापड टाकतात. तो क्षण दृश्य म्हणून जबरदस्त असतो, पण तिने भान सोडलं ते देवासमोर, तुमच्यासमोर नाही. कुठे थांबायचं हे बाहेरच्याने त्या समाजाकडूनच शिकावं. आधी पाळकाची परवानगी, मग लोकांची ओळख, नंतर छापलेले फोटो घरी पोहोचवणं, हा क्रम टळत नाही.

घरी गेल्यावरच खरी कहाणी उलगडते, कारण हे संगीत नात्यांतून पुढे गेलेलं आहे. ऑब्री घेंट हे स्टीलचे थोर वादक हेन्री नेल्सन यांचे पुत्र, आणि विली ईझन त्यांच्या आत्याचे यजमान. म्हणून फोटोखाली नाव, चर्च, गाव, साल लिहिणं तर हवंच, शिवाय कोण कोणाचं आणि कोणाकडून शिकलं हेही हवं. नाव नसलेला उत्तम फोटो काही वर्षांनी नुसता ‘एक वादक’ होऊन बसतो.

जगाला दाखवण्याचे परिणामही झाले. न्यू जर्सीतल्या कीथ शाखेत वाढलेला रॉबर्ट रॅन्डॉल्फ 2000 नंतर क्लब आणि मोठ्या मंचांवर पोहोचला. चर्चबाहेरच्या अशा वादनाबद्दल पंथातल्या वडीलधाऱ्यांची नाराजी होती, कारण पवित्र संगीत दारूच्या बैठकीत वाजू नये अशी इथली शिस्त. छायाचित्रं आणि सीडी यांनी हे दार उघडायला हातभार लावला, म्हणून छायाचित्रकाराने त्या वादातली दोन्ही माणसं दाखवणं मला आवश्यक वाटतं: दौऱ्यावर निघालेला तरुण, आणि त्याच चर्चमध्ये दर रविवारी वाजवणारा, बाहेर कुणी ओळखत नाही असा वादक.

स्टोन यांचं पुस्तक हाती आलं, तर आधी 1997 ची सीडी ऐकावी. मग फोटो बघताना वादकाच्या डोळ्यांची दिशा शोधावी. ती नेहमी तारांकडेच नसते.