आकडा तोच, आवाज निराळा

३१ मे २०१९, शुक्रवार. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजले आणि एफएमच्या ९५.५ या आकड्यावरचं, १९७१ मध्ये डब्ल्यूपीएलजे हे नाव घेतलेलं स्टेशन निरोप घेऊन थांबलं. त्याच आकड्यावर लगेच के-लव्ह या साखळीची ख्रिस्ती गीतं सुरू झाली. ध्वनी फेकणारा अँटेना पूर्वीचाच, एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरचा. मोटारींत, स्वयंपाकघरांत, दुकानांच्या गल्ल्यांमागे ज्यांनी वर्षानुवर्षं तेच बटण दाबलं होतं, त्यांनी त्या संध्याकाळीही तेच दाबलं असेल. घरात मात्र दुसरंच बिऱ्हाड आलं होतं.

घर घेतलं होतं के-लव्ह चालवणाऱ्या एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन या कॅलिफोर्नियातल्या ना-नफा ख्रिस्ती संस्थेनं. क्युम्युलस या व्यापारी कंपनीकडून तिनं एका सौद्यात सहा स्टेशनं उचलली: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, अटलांटा, सॅन होजे, सव्हाना आणि सिरॅक्यूज. किंमत १० कोटी ३५ लाख डॉलर. क्युम्युलसनं २०१७ च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली, तरी रोकड हवीच होती. फाउंडेशनपाशी ती होती, श्रोत्यांच्या देणग्यांतून जमलेली.

अशा सौद्यात विकलं काय जातं? निवेदक विकले जात नाहीत, ते घरी जातात. गाण्यांची निवड, सकाळच्या गप्पा, श्रोत्यांची सवय यांनाही मोल नसतं. मोल असतं ते परवान्याला: अमुक गावी, अमुक आकड्यावर, अमुक इतक्या शक्तीनं बोलण्याच्या हक्काला. हा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जाताना अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाची, म्हणजे एफसीसीची संमती लागते. आयोग घेणाऱ्याची पात्रता तपासतो. तिथं उद्यापासून काय वाजणार, हे विचारत नाही.

हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७४ साली न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनसीएन हे अभिजात संगीताचं स्टेशन मालकानं रॉककडे वळवलं. श्रोते संघटित झाले, भांडले, आणि वर्षभरात नव्या खरेदीदाराच्या हाती जाऊन ते पुन्हा अभिजात संगीताकडे आलं. पण तत्त्वाचा वाद चालूच राहिला. स्टेशनचा बाज बदलताना आयोगानं लोकहित तपासावं की नाही? १९८१ मध्ये न्यायालयानं निर्णय दिला की, आयोगाला ही गोष्ट बाजारावर सोपवता येईल. तेव्हापासून ऐकणाऱ्याचं बटणावरचं बोट एवढाच त्याचा अधिकार. चाळीस वर्षं एखादं स्टेशन ऐकलेल्या माणसाला भाडेकरूइतकंही संरक्षण नसावं, हे मला आजही खुपतं.

ख्रिस्ती संस्था नेहमी घेणाऱ्याच असतात, असंही नाही. त्याच न्यूयॉर्कच्या हवेत, काही आकडे अलीकडे, उलट दिशेची गोष्ट घडून गेली होती.

९४.७ वर न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचं डब्ल्यूएफएमई लागायचं. मालक फॅमिली रेडिओ. हॅरोल्ड कॅम्पिंग या स्थापत्य अभियंत्यानं सोबत्यांना घेऊन १९५८ साली कॅलिफोर्नियात ही संस्था उभी केली. तेव्हा लोक एएम ऐकत. एफएमचे संच फार थोड्या घरांत होते, त्यामुळे परवाने स्वस्त होते आणि व्यापाऱ्यांना त्यांची ओढ नव्हती. फॅमिली रेडिओनं त्या काळात मोठमोठ्या शहरांतले आकडे धरून ठेवले. पुढं एफएमचे दिवस आले आणि पडीक म्हणून घेतलेल्या रानाला शहरातल्या प्लॉटची किंमत आली. त्या आकड्यांवर मात्र जुनाच संथ क्रम चालला: स्तोत्रं, ऑर्गन, बायबलचं वाचन. जाहिरात एकही नाही. संध्याकाळी कॅम्पिंग स्वतः फोनवरच्या प्रश्नांना बायबल पुढ्यात ठेवून, खर्जातल्या आवाजात उत्तरं देत.

याच आवाजानं संस्थेवर संकट आणलं. बायबलमधल्या आकड्यांचा हिशेब करून कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा न्यायनिवाड्याचा दिवस असल्याचं सांगितलं. रस्तोरस्ती फलक लागले. लोकांनी साठवलेला पैसा प्रचारासाठी दिला. तो दिवस नेहमीसारखा उगवला आणि मावळला. जूनमध्ये कॅम्पिंग यांना पक्षाघात झाला, ऑक्टोबरची दुसरी तारीखही टळली, मार्च २०१२ मध्ये त्यांनी आपली चूक लेखी कबूल केली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते वारले. ज्यांनी विश्वास टाकून घरची शिल्लक मोकळी केली त्यांची फसगत मला विसरता येत नाही. एका स्टेशनवर एकाच माणसाचा शब्द चालू लागला की काय होतं, ते इथं दिसलं.

त्या सुमारास संस्थेनं आपली मोक्याची स्टेशनं विकायला काढली. फिलाडेल्फियाचं १०६.९ आणि मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसचं १०७.९ यांचे सौदे २०११ मध्येच ठरले. ९४.७ चा सौदा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाला: ४ कोटी डॉलर, आणि घेणारी कंपनी क्युम्युलस. जानेवारी २०१३ मध्ये स्तोत्रांच्या जागी कंट्री संगीत आलं. १९९६ पासून न्यूयॉर्क शहराला कंट्रीचं एफएम स्टेशन नव्हतं, त्यामुळे ती बातमी झाली. सहा वर्षांनी हीच क्युम्युलस त्याच शहरात आपलं दुसरं स्टेशन दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेला विकणार होती.

फॅमिली रेडिओनं न्यूयॉर्क अगदी सोडलं नाही. २०१५ मध्ये डिस्नेकडून १५६० किलोहर्ट्झचं ५० हजार वॉटचं एएम स्टेशन तिनं १ कोटी २९ लाख ५० हजार डॉलरना घेतलं. एएमचे मनोरे मोकळी जमीन मागतात, कारण मनोरा हाच अँटेना असतो आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं पसरावं लागतं. ही जमीन क्वीन्समधल्या मॅस्पेथला होती, शहराच्या ऐन पोटात. गोदामं बांधणाऱ्या कंपनीनं त्या जागेचे ५ कोटी १० लाख डॉलर मोजले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टेशन मुकं झालं. पुढं ते परत आलं ते फारच थोड्या शक्तीवर. मनोऱ्यापेक्षा त्याच्या पायाखालची माती चौपट महाग ठरली.

आता पुन्हा के-लव्हकडे. इथं थोडं थांबून यंत्र उघडून पाहायला हवं.

१९८२ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा गावी, ९१.९ वर, बॉब अँथनी फोगल या निवेदकाच्या पुढाकारानं एक लहान स्टेशन सुरू झालं. कॅलिफोर्नियात गेल्या दशकभरात तरुणांनी गिटार, ड्रम आणि येशू यांची सांगड घातली होती. ऑर्गनला सरावलेल्या मंडळींना ते रुचत नव्हतं, आणि पॉप वाजवणाऱ्या स्टेशनांना त्यातला येशू नको होता. मधल्या त्या अंगणात हे स्टेशन उभं राहिलं, आणि पुढं तेच के-लव्ह झालं. ९१.९ हा आकडाही अर्थपूर्ण आहे. अमेरिकेच्या एफएम पट्टीतला ८८ ते ९२ हा तुकडा अव्यापारी, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव आहे. विद्यापीठं, सार्वजनिक नभोवाणी आणि चर्चशी नातं असलेल्या संस्था तिथं शेजारी राहतात. जाहिरात करायची नाही, देणगी मागायची, हा तिथला धर्म. के-लव्हनं तोच धर्म पुढं ९५.५ सारख्या व्यापारी आकड्यांवरही नेला. वर्षातून ठरलेल्या दिवसांत निवेदक श्रोत्यांना हात जोडतात, आणि श्रोते महिन्याला थोडी थोडी रक्कम बांधून देतात.

संस्थेचं कार्यालय रॉकलिनला होतं, अलीकडे ती टेनेसीत नॅशव्हिलच्या बाजूला सरकली. कार्यक्रम एकाच ठिकाणी तयार होतो, उपग्रहावर चढतो आणि देशभरच्या स्टेशनांवर उतरतो. गावात उरतात एक तबकडी, एक ट्रान्समीटर आणि एक मनोरा. जोडीला ट्रान्सलेटर: जास्तीत जास्त २५० वॉटचे छोटे पुनःप्रक्षेपक, मूळ स्टेशनची सावली डोंगरापलीकडच्या वस्तीवर पाडणारे. २००३ च्या मार्चमध्ये आयोगानं या ट्रान्सलेटरांसाठी अर्जांची खिडकी उघडली, तेव्हा १३ हजारांहून अधिक अर्ज आले. एकमेकांशी जोडलेल्या दोन ख्रिस्ती संस्थांचेच त्यात चार हजारांवर होते. मिळालेले कितीतरी परवाने पुढं विकले गेले. शंभर वॉटचं गावकीचं स्टेशन काढू पाहणाऱ्यांना, आणि त्यांत लहान चर्चही होती, मग आकडा शिल्लक सापडेना.

पूर्वी एक आडकाठी होती. प्रत्येक स्टेशनानं आपल्या गावात किंवा जवळपास मुख्य स्टुडिओ ठेवावा, असा नियम होता. अव्यापारी साखळ्यांना त्यातून सूट मिळायची, पण सूट मागावी लागायची. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगानं तो नियमच काढून टाकला. योगायोग म्हणा, पण त्याच सुमारास फाउंडेशनचे मोठ्या शहरांतले सौदे एकामागून एक झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसचं १००.३ गेलं. मार्च २०१८ मध्ये शिकागोचं ९७.९, म्हणजे चार दशकं रॉक वाजवणारं 'द लूप', २ कोटी १५ लाखांना गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉस्टनचं १०७.३, ५० वर्षांचं रॉक स्टेशन, १ कोटी ७ लाख ५० हजारांना. किमती पाहिल्या की कळतं, की एफएमचा बाजारच उतरणीला लागला होता. गाणी फोनवर येऊ लागली, जाहिरातदार निघून गेले, कर्ज काढून स्टेशनं जमवणाऱ्या कंपन्या विकायला बसल्या. महिन्याला बांधलेली देणगी मात्र चालू राहते. ती देणाऱ्याला गाणं विकत घ्यायचं नसतं, ते शेजाऱ्याच्या कानावर पडावं असं त्याला वाटत असतं.

या श्रोत्यांविषयी मला आदर आहे. रात्रपाळीची नर्स, ट्रकचालक, नुकतंच कोणी गमावलेलं माणूस, यांना गाडीतल्या काळोखात धीराचा शब्द हवा असतो आणि तो तिथं मिळतो. प्रार्थनेसाठी फोन केला तर पलीकडून पाळक बोलतात. हे थोडं नाही. माझी हळहळ वेगळ्या गोष्टीची आहे.

ती सेंट लुईसच्या गोष्टीत नेमकी दिसते. तिथं ल्युथरन चर्चच्या मिसूरी सिनडचं केएफयूओ हे स्टेशन १९२४ पासून धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरीच्या आधारानं चालू होतं. १९४८ मध्ये त्याला एफएमची जोड मिळाली, आणि ९९.१ वर पुढं शहराचं अभिजात संगीत रुजलं. चर्चच्या मालकीचं स्टेशन बाख आणि मोझार्ट वाजवतं, शहरातल्या वाद्यवृंदाची दखल घेतं, आणि त्यासाठी ऐकणाऱ्याला ल्युथरन असावं लागत नाही: भक्ती आणि नागरिकपण यांची इतकी सहज गाठ क्वचित पडते. चर्चला पैशाची गरज होती. १ कोटी ८० लाख डॉलरना एफएम विकलं गेलं, आणि जुलै २०१० मध्ये ९९.१ वर आधुनिक ख्रिस्ती गीतं सुरू झाली. देणाराही ख्रिस्ती, घेणाराही ख्रिस्ती. हरवलं ते शहराचं संगीत.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तर दोन ख्रिस्ती घराण्यांमध्येच मोठा व्यवहार झाला. सेलम ही जाहिरातींवर आणि प्रवचनकारांना वेळ विकण्यावर चालणारी व्यापारी कंपनी. आधुनिक ख्रिस्ती गीतांची तिची उरलेली सात स्टेशनं, अटलांटा, डॅलस, लॉस एंजेलिस, पोर्टलंड, क्लीव्हलंड, सॅक्रामेंटो, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, ८ कोटी डॉलरना फाउंडेशनकडे गेली. ऐकणाऱ्याला गाणी पुष्कळशी तीच लागली. बदलला तो निवेदक, जो पोर्टलंडच्या पावसाविषयी पोर्टलंडमध्ये बसून बोलत होता.

आपल्याकडे हे सौदे होऊच शकत नाहीत. भारतात खासगी एफएमच्या लिलावात धार्मिक संस्थांना आणि त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांना भाग घेता येत नाही. आपल्याकडचं ख्रिस्ती प्रसारण पूर्वीही दूरच्या मनोऱ्यांवरून येई. १९७० च्या दशकात अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचं आशियातलं काम पुण्याच्या सॅलिसबरी पार्कमधून चाले आणि कार्यक्रम श्रीलंकेतून लघुलहरींवर प्रसारित होत. म्हणजे पुण्यात बोललेला शब्द समुद्र ओलांडून पुण्याच्याच ट्रान्झिस्टरवर परत यायचा, खरखरत, मध्येच बुडत. मनोरा परका होता, पण माणूस गावातला होता. अमेरिकेतल्या त्या गावांत आज याच्या उलट झालं आहे.

स्टेशनं घेतल्यावर फाउंडेशन बहुधा जुनी नावं पुसतं. शिकागोच्या डब्ल्यूएलयूपीचं डब्ल्यूसीकेएल झालं, बॉस्टनच्या डब्ल्यूएएएफचं डब्ल्यूकेव्हीबी. न्यूयॉर्कमध्ये मात्र अक्षरं तशीच ठेवली. त्या चार अक्षरांना एक जुना उगम आहे. 'व्हाइट पोर्ट अँड लेमन ज्यूस', पोर्ट वाइनमध्ये लिंबाचा रस, या पेयावरचं १९५० च्या दशकातलं एक गाणं होतं. मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडनं ते १९७० मध्ये पुन्हा गायलं, आणि पुढच्या वर्षी स्टेशननं त्याची आद्याक्षरं आपलं नाव म्हणून घेतली. कायद्यानं प्रत्येक तासाच्या आरंभी स्टेशनला आपलं नाव आणि गाव सांगावं लागतं. त्यामुळे अजूनही, दोन ख्रिस्ती गीतांच्या मधल्या एका श्वासाएवढ्या जागेत, दर तासाला तो आकडा सांगतो: डब्ल्यूपीएलजे, न्यूयॉर्क.